भावोजींचा पाटा

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका चटणीवर जीव टाकणारा पुरुष गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही! आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले आमचे हे भावोजी निवृत्तीनंतर नांदेडच्या आपल्या सदनिकेत रोज सकाळी लुंगी सावरून पाट्यापाशी बसतात, आणि मग भाजल्या शेंगदाण्यांचा ऊबदार दरवळ, लसणाचा झणका, लाल मिरचीची नाकाच्या शेंड्यावर नाचणारी धग अशी सारी मिरवणूक जिन्याने खाली उतरू लागते. औशाहून हा पाटा एसटीने आणताना त्यांनी तो शालीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. मूर्तीच असावी असे समजून वाहकाने हात जोडले; भावोजींनीही त्याच्या श्रद्धेला धक्का लावला नाही. लातूरच्या एका लग्नात तर ते पंगतीतून उठले, आचाऱ्याला गाठले आणि चटणीला मिक्सरच्या पात्याचा वास येतो, असे त्याला सुनावून आले. हजार पानांची चटणी काकांनीच वाटून दाखवावी, असे आचाऱ्याने नम्रपणे सुचवले. भावोजी बसलेही असते. तिथे पाटा नव्हता. "मिक्सर नुसता कापतो, वहिनी," ते मला नेहमी समजावतात, "वाटायला अंगाचा भार लागतो."

यंदा स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला आणि वन्संनी पाट्याला जागा नाकारली. भावोजी अडून बसले. तेव्हा वन्संनीच पैज मांडली: दोन वाट्यांतली पाट्यावरची चटणी चाखून ओळखायची, चुकले तर दगड घराबाहेर. भावोजींना एवढा आनंद झाला की त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना साक्षीला बोलावले. दार लावून एक चटणी मी पाट्यावर वाटली, दुसरी मिक्सरमध्ये थांबवत थांबवत फिरवली. ज्वारीच्या गरम भाकरीचा पापुद्रा, त्यावर तेलाची धार, मिटलेले डोळे! पहिल्या घासाला त्यांच्या कपाळावर आठी उमटली. दुसऱ्या घासाला चेहरा उजळला.

"हीच. दाणा कसा जिभेला लागून राहिलाय बघा."

ती मिक्सरची होती.

वन्सं हसू लागल्या आणि मध्येच थांबल्या. भावोजी उठले, पाट्यापाशी गेले, त्यावरून तळहात फिरवला. पूर्वी छिन्नी-हातोडी घेऊन बायका गल्लोगल्ली हाक देत यायच्या आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून पुन्हा खरखरीत करून द्यायच्या. आता कित्येक वर्षांत त्यांची हाक कुणालाच ऐकू आलेली नाही. पाटा काचेसारखा झाला होता, आणि त्यावरची चटणी उगाळलेल्या गंधासारखी. रोज वाटणाऱ्या हाताला हे उमगले नव्हते. जीभ मात्र अजून जुन्या खरखरीची वाट पाहत होती.

"माझी जीभ चुकली न्हाई," ते हळूच म्हणाले. "पण शब्द तो शब्द. ठेवा बाहेर."

पाटा-वरवंटा दाराबाहेर गेला. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरची तरुण शिक्षिका धावत वर आली. लेकीचे बारसे होते, बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायचा म्हणून सासूबाई हटून बसल्या होत्या, आणि अख्ख्या इमारतीत दुसरा वरवंटा नव्हता! भावोजींच्या अंगात वारेच शिरले. मिरचीचा कण राहू नये म्हणून त्यांनी कोमट पाण्याने, डाळीच्या पिठाने त्याला न्हाऊ घातले, खोबरेल चोळले. वन्संनी लेकाची जुनी कुंची काढून दिली. पाळण्याच्या मऊ दुपट्याकडे पाहून ती शिक्षिका क्षणभर घुटमळली.

"टोचायचा न्हाई, बाई," भावोजी म्हणाले. "लई मऊ झालाय."

बारसे उरकल्यावर वरवंटा वन्संनी स्वतः वर आणला, पुसला आणि नव्या ओट्याखालच्या कप्प्यात ठेवला. मग पाटाही आत ओढून घेतला. चटणी मात्र आता मिक्सरमध्येच होते. भावोजी ती खातात, चांगली झाली म्हणतात. फक्त शेजारी बसलेल्या मला दिसते, की त्यांचा डावा तळहात मांडीवर नकळत पुढे-मागे सरकत असतो.