आरतीच्या तीन टोळ्या

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत बसून मी कंपनीचं क्लाउड डेटा वेअरहाऊस, म्हणजे इंटरनेटवरचं माहितीचं कोठार, सांभाळते. कंपनीतले सगळे त्याला एकदम प्रश्न विचारायला लागले, की ते आपोआप जादा यंत्रं जोडतं. डेटा तोच, उत्तरं शोधणारे हात तेवढे वाढतात. गर्दी ओसरली की जादा यंत्रं बंद.

गणपतीत चाकरमानी आले आणि प्रत्येक घराला आरती सातलाच हवी झाली. आरतीचं मंडळ एकच, त्यामुळे शेवटची घरं ताटकळायची. मला रांगेची भारी चीड. मी ऐटीत चाकरमानी भरतीला घेऊन मंडळाएवढ्याच तीन टोळ्या केल्या.

आरत्या झटपट आटपल्या. शेवटचा चहा रिवाजाने आमच्याकडे असतो, म्हणून तिन्ही टोळ्या, नेहमीच्या तिप्पट माणसं, एकदमच पडवीत येऊन बसल्या.

आत आई एकुलत्या एका शेगडीपाशी उभी होती. म्हणाली, "सांग तुझ्या कंपनीला, आता दोन शेगड्या जोडा म्हणावं."