पिवळा दिवा विझू द्या

संक्रांतीच्या सकाळी दिल्लीतल्या द्वारकेहून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर जायचं, हा आमचा नेम. त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःची डिझेल गाडी होती आणि थंडी हाडं गोठवणारी. यांनी चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं.

"अहो, समोरचा तो पिवळा दिवा आधी विझू द्या," मी म्हणाले. "थंडीत इंजिन तापल्याशिवाय सुरू होत नाही." शोरूमवाला ही गोष्ट समजावत होता, तेव्हा आमचे हे हॉर्न वाजवून बघत होते.

"तुला गाडीतलं काय कळतं?" म्हणत यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा घरघर. सोसायटीतल्या पुरुषांनी धक्का मारला, धापा टाकल्या. दिवा, दिवा म्हणून माझा घसा बसला.

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या पंजाबी आजी बाल्कनीतून ओरडल्या, "बेटा, पीली बत्ती तो बुझने दे!"

हे लगेच थांबले. दिवा विझला, चावी फिरली, गाडी सुरू!

"बघ," हे मला म्हणाले, "इथल्या माणसांना इथली थंडी बरोबर कळते."

त्या दिवसापासून कामाचं सगळं मी यांना हिंदीत सांगते. भांडते मात्र मराठीतच.