वस्तऱ्यापुढे फुगणारा गाल

दारात रांगोळी घालून, फिल्टरला कॉफीचं डिकॉक्शन लावून मी यांच्या दाढीला बसायचे. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून हे डोळे उघडे ठेवून पडलेले असत, ओळख काही नाही. पण वस्तरा जवळ नेला की गाल फुगवत. डॉक्टर म्हणाले, ही नुसती शरीराची सवय. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा आत आहे." मी या दुखण्याबद्दल मिळेल ते वाचलं, पण उत्तर सापडलं नाही.

आज शेजारच्या सरोजम्मांबरोबर इस्पितळात गेले होते. त्यांचा नवरा श्वासाच्या मशीनवर आहे. डॉक्टर म्हणतात, ते आता परतणार नाहीत. मुलगा म्हणतो, अप्पा बोट हलवतात. जिन्यात त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत विचारलं,

"हेळी अक्का, सांगा, खरं सांगा. तुम्हाला खात्री होती?"

"नव्हती. अजून नाही."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. तुम्ही काय सांगितलं असतं?

यांना न्यूमोनिया झाला तेव्हा मला यांचंच जुनं बोलणं आठवलं, "मला नळ्यांत अडकवू नकोस." मी मशीनला नको म्हटलं. भाऊजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी हे गेले. मी यांना घरी आणलं आणि शेवटची दाढी केली.