कमरेची सुपारी

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा आम्ही एका छपराखाली सलग राहिलो होतो ते जेमतेम चार महिने. बायको मेलबर्नला एका लॅबमध्ये, मी वेलिंग्टनला पाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करणारा. लग्न जमलं तेव्हा पुण्यातले सगळे खूश होते. "अरे, शेजारीच तर आहे," काका म्हणाले होते. "सकाळी बसलं की दुपारी पोचलं." शेजार खराच, पण मधलं फाटक फक्त नागरिकांसाठी उघडं असतं, हे काकांना कोण समजावणार? न्यूझीलंडचा पासपोर्ट असलेला माणूस ऑस्ट्रेलियात उतरून सरळ नोकरी धरतो. माझ्याकडे इथला रेसिडेन्स, म्हणजे राहण्याचा परवाना होता, पासपोर्ट मात्र भारताचा. मला स्वतःच्या बायकोला भेटायला व्हिसा लागायचा आणि तिला मला भेटायला.

मी नागरिक होईपर्यंत थांबून मग तिकडे जावं, असा एक विचार होता. पण नागरिकत्वासाठी इथे राहिलेले दिवस मोजतात आणि मेलबर्नला घालवलेला प्रत्येक आठवडा त्यातून वजा होतो. म्हणजे तिच्याजवळ राहण्याचा हक्क मिळवायला तिच्यापासून लांब राहायचं. नाहीतर मी तिकडे नोकरी शोधायची आणि इथली सगळी वर्षं पाण्यात घालायची. नाहीतर तिने माझी पार्टनर म्हणून इकडे यायचं. हे सगळं आम्ही नुसतं बोलत होतो, आज बघू, उद्या बघू चाललं होतं. तेवढ्यात तिच्या लॅबने करार वाढवणार नसल्याचं कळवलं. तिचा तिथला व्हिसा त्या नोकरीवरच उभा होता. इथला व्हिसा वेळेत मिळाला नाही तर तिला पुण्याला परत जावं लागणार होतं. आमच्यात तोवर चार तासांचं विमान होतं, आता अख्खं एक जग येणार होतं.

मी मुळात काळजीखोर माणूस. दार लावलं की दोनदा ढकलून बघणारा. त्यामुळे तिच्या इथल्या व्हिसाची फाइल मीच करतो म्हटलं. आमचं लग्न खरं आहे आणि आम्ही खरोखरच एकमेकांचे आहोत, हे कागदावर दाखवायचं होतं. विमानाची तिकिटं, कॉलची यादी, ती बिनपगारी रजा घेऊन माझ्याकडे, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागात राहिली त्या चार महिन्यांची तिच्या नावाची पत्रं, सगळं लावलं. मग फोटो. फोटोत आम्ही दोघंच असे फारच कमी. प्रत्येक ठिकाणी मध्ये माझी आई, नाहीतर तिची मावशी. तरी चौदा निवडले, प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली आणि अर्ज पाठवून दिला.

पाच आठवड्यांनी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत ईमेल आली. तपासणाऱ्या अधिकारी बाईंचं पत्र होतं, अतिशय सभ्य. फोटो क्रमांक चौदाखाली तुम्ही 'मी आणि माझी पत्नी, घरच्या पूजेत' असं लिहिलं आहे. फोटोत एकच व्यक्ती दिसते. आमच्या नोंदीप्रमाणे त्या तारखेला तुमच्या पत्नी न्यूझीलंडमध्ये नव्हत्या. ही माहिती दिशाभूल करणारी वाटते, तरी दोन आठवड्यांत खुलासा करावा.

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. चूक कळायला मला एक क्षणही लागला नाही, आणि ती चूक आहे हे पाठवताना एकदाही जाणवलं नव्हतं, याचीच जास्त भीती वाटली.

झालं असं होतं, की आदल्या वर्षी मी जॉन्सनव्हिलला थोडं मोठं घर भाड्याने घेतलं. आई फोनवर म्हणाली, नव्या घरात सत्यनारायण घातल्याशिवाय राहू नकोस. बायकोला शनिवारीही लॅब होती, रजा नव्हती. आमच्याकडचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतात आणि शनिवारी पूजा सांगतात. त्यांनी आल्या आल्या स्मोक अलार्मवर शॉवर कॅप चढवली आणि विचारलं, "वहिनी नाहीत ना? मग ही सुपारी कमरेला खोचा." बायको हजर नसली की नवऱ्याने कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं, ती सुपारी म्हणजे बायको. माझ्या वडिलांनीही आई माहेरी असताना असंच केलेलं मी पाहिलं होतं. मी पीतांबराच्या कडेला सुपारी खोचली, गुरुजींनी संकल्पात तिचं नाव घेतलं आणि पूजा झाली. पूजा दोघांनी केली. फोटोखाली मी तेच लिहिलं.

संध्याकाळी बायकोला फोन केला. तिला अधिकारी बाईंचं पत्र वाचून दाखवलं.

"तू खरंच असं लिहिलंस?"

"मग काय लिहायचं होतं?"

"की बायको मेलबर्नला आहे. सिंपल."

"पण पूजा तर दोघांनी..."

"हे त्यांना सांग. मला नको सांगूस." मग म्हणाली, "अरे, माझं सामान अर्धं पॅक झालंय. खोक्यांवर पत्ता कुठला लिहू, ते तरी सांग."

मला लाज वाटली. दार दोनदा ढकलून बघणारा माणूस मी, आणि नेमकं इथेच उघडं टाकलं होतं. खोटी माहिती दिली असा शिक्का बसला तर तिचा व्हिसा जाईलच, माझ्या नागरिकत्वाच्या अर्जातही ते निघेल, हे मला दिसत होतं. पुढचे चार दिवस मी ऑफिसमध्ये पाइपांच्या जाडीऐवजी लांबी भरत होतो. शेजारच्या टेबलावरचा कलीग म्हणाला, "स्वीट ॲज, मेट, होईल सगळं." त्याचं लग्न इथेच, दोन गल्ल्या सोडून झालेलं.

गुरुजींना फोन केला. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. "लेटर देतो," म्हणाले. "पण मला एक सांगा, फोटोत सुपारी दिसते का?" मी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या बाजूला, पीतांबराच्या काठाखाली, किंचित फुगवटा होता. त्या चौदाव्या फोटोत माझी बायको एवढीच दिसत होती. मी त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढलं, गुरुजींचं पत्र जोडलं आणि खुलाशात जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. पाठवायच्या आधी सात वेळा वाचलं.

मग अधिकारी बाईंनी दोघांना वेगवेगळे फोन केले. मला त्यांनी सुपारी केवढी असते, कुठून आणली, नंतर तिचं काय केलं, असं सगळं विचारलं. हेन्डरसन उपनगरातल्या एका भारतीय दुकानातून पूजेचं सामान मागवलं होतं, त्यातली, आणि आता स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, असं मी सांगितलं. माझा आवाज गुन्हेगारासारखा येत होता. तासाभराने बायकोचा फोन आला.

"मला विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"तू काय सांगितलंस?"

"लॅबमध्ये. खरं तेच. मग म्हणाल्या, पूजेशी तुमचा काही संबंध होता का? मी म्हटलं, तिकडे घरी प्रसाद होईपर्यंत मी काही खाल्लं नव्हतं. कॅन्टीनमध्ये मैत्रिणीने विचारलं होतं, तिचा मेसेजही आहे माझ्याकडे. तो पाठवा म्हणाल्या."

"तू उपास केला होतास? मला बोलली नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी? सुपारी काय, बोलते थोडीच."

मला एकदम रडू आलं. वर्षभर मी असं धरून चाललो होतो की तिची बाजू मी सांभाळली. तिच्या बाजूने तीच उपाशी बसली होती, हे मला एका परक्या बाईच्या प्रश्नामुळे कळलं.

व्हिसा मिळाला, तिचा करार संपायला नऊ दिवस उरले असताना. ती आली त्या दिवशी वेलिंग्टनचा वारा असा होता, की विमान एकदा उतरता उतरता पुन्हा वर गेलं. मी खाली उभा राहून हात जोडले होते. घरी आल्यावर आईचा व्हिडिओ कॉल आला. सुनेला डोळे भरून पाहून झाल्यावर ती म्हणाली, "आता ती सुपारी विसर्जन कर हो. खरी आली ना घरात."

मी ड्रॉवरमधून सुपारी काढली. घराच्या किल्ल्यांशेजारी राहून तिला थोडी धूळ लागली होती. रविवारी समुद्रावर जाऊ म्हणालो. बायको टेबलाशी बसून व्हिसाचं पत्र पहिल्यांदाच कागदावर वाचत होती. पुढे रेसिडेन्ससाठी बारा महिने एकत्र राहिल्याचे पुरावे पुन्हा द्यायचे होते, माझं नागरिकत्व अजून लांब होतं, आणि पत्राच्या शेवटी व्हिसा कधी संपतो ती तारीख होती. दोन वर्षांनंतरची.

तिने त्या तारखेवर बोट ठेवलं. मग माझ्या हातातून सुपारी घेतली, ओढणीने पुसली आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "आईंना सांग, केली विसर्जन."