खुंटीवरची चावी

इझिकेल रोहेकर रोह्याच्या कॉलेजात वीस वर्षं जिमखान्याचा शिपाई होता. मैदानाला पाणी मारायचं, रेषा आखायच्या, सामानाची खोली सांभाळायची, ही त्याची कामं. तो बेने इस्रायली, म्हणजे ज्यू; शनिवारी तो कामाला हात लावत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दर शुक्रवारी चारला खोलीची चावी हेडक्लार्क कमळाकरच्या हातात ठेवायची आणि एसटी पकडून पेणला बहिणीकडे, एस्थरकडे, जायचं. पेणच्या सिनेगॉगातली प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाही. घरंच्या घरं इस्रायलला गेल्यापासून तिथे हाच दहावा होता.

त्र्याण्णव साली संस्थेचे अध्यक्ष हैबतराव मुंबईत एक सामना बघून आले आणि कॉलेजच्या नशिबी फुटबॉल आला. ज्या तालुक्यात पोर धड चालायला लागलं की कबड्डीच खेळतं, त्या तालुक्यात! मुंबईहून कोच आणला. त्याला खोली, वर जेवण. सोळा पोरांना बूट, रोज दूध, दोन-दोन अंडी. सामानाच्या खोलीला नवं लोखंडी दार बसलं. जिमखान्याच्या फीच्या रुपयातले बारा आणे त्या चेंडूमागे धावू लागले. फी मुलीही तेवढीच भरत होत्या. त्यांच्या कबड्डीच्या संघाला वर्षाकाठी टिंक्चर आयोडिनच्या दोन बाटल्या मिळत. मैदान फुटबॉलने घेतल्यामुळे त्या मागच्या खडकाळ आवारात खेळायच्या, आणि त्या वर्षी बाटल्या दिवाळीच्या आतच संपल्या.

संघाची कप्तान वैशाली खांब गावाहून यायची. एकदा फुटलेला गुडघा धुवायला ती इझिकेलकडे पाणी मागायला आली.

"काका, आमची फी खोटी हाय का हो?"

"नाय गो," तो म्हणाला. त्याने तिच्या गुडघ्यावर पाणी ओतलं.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. अंडी मोजताना आकडा चुकायचा. चुन्याची रेषा आखता आखता तो मध्येच थांबायचा आणि मागच्या आवाराकडे बघत राहायचा. घरी बसवेना, मैदानात उभं राहवेना.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचे पाहुणे येणार असं ठरलं. कॉलेजातला खेळ बघून ते अनुदान देणार होते, आणि अनुदान ज्या खेळाला, मैदानही कायमचं त्याच खेळाला. वार निघाला शनिवार, वेळ अकराची.

शुक्रवारी सकाळी इझिकेलने वैशालीला सांगितलं, "उद्या धाला पोरींना घेऊन मैदानात ये." मग त्याने गोलपोस्टच्या बाजूची माती भुसभुशीत केली, पाणी मारलं आणि कबड्डीचं मैदान आखलं. कुणी काही विचारलं नाही. इझिकेल आखतोय म्हणजे बरोबरच असणार, असा त्याचा लौकिक होता.

चारला कमळाकर हारतुऱ्यांच्या गडबडीत होता. इझिकेल त्याच्या टेबलासमोरून गेला आणि चावी खिशातच राहिली. नागोठण्याच्या स्टँडवर ती हाताला लागली. तिथे उतरून परतीची गाडी मिळाली असती. तो सीटवरून अर्धा उठला, खाली बसला, पुन्हा उठला. गाडी सुटली. पेणला पोचल्यावर, शनिवार सुरू करणारे दिवे एस्थरने लावायच्या आधी, त्याने ती चावी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

शनिवारी नऊच्या आत कॉलेजची जीप दारात आली. कमळाकर घामाघूम झाला होता. "इझिकेलभाऊ, चावी! बूट, जाळ्या, चेंडू, सगळं आत अडकलंय."

"आज शनवार हाय, कमळाकर. मी हात लावत नाय."

कमळाकर अगदी त्या खुंटीखाली उभा होता. मान वर केली असती तर चावी त्याच्या कपाळाला लागली असती. पण भला माणूस तो. दुसऱ्याच्या सणाच्या दिवशी घर धुंडाळायचं त्याच्या मनातही आलं नाही. हात जोडून तो रिकामाच परत गेला.

प्रार्थनेत इझिकेलचं लक्ष लागलं नाही. हात लावायला बंदी होती, खरं आहे. पण 'ती बघ, खुंटीवर आहे' एवढं सांगायला कुठली बंदी होती? वीस वर्षं निष्ठेने पाळलेला दिवस आज त्याने आडोसा म्हणून वापरला होता. दहा माणसं जमली होती, पण त्यातला दहावा आपण आहोत असं त्याला काही केल्या वाटेना.

तिकडे रोह्यात लोहार येईपर्यंत पाहुणे येऊन ठेपले. मैदानात खेळत होत्या त्या फक्त मुली. पाहुणे पाऊण तास उन्हात उभे राहून बघत होते. एक म्हातारे सदस्य तर वैशालीच्या पकडीवर टाळ्या पिटत होते. अनुदान मुलींच्या कबड्डीला मिळालं, आणि कागदावर सह्याही तिथेच झाल्या.

सोमवारी हैबतरावांनी इझिकेलला बोलावलं. कमळाकर आधीच त्याची बाजू मांडून बसला होता: म्हातारा चावी विसरला, आणि पुढे त्याचा शनिवार आडवा आला.

हैबतराव धुमसत होते, पण म्हणाले, "कुणाच्या धर्माच्या आड मी येत नाही. जा, कामाला लाग."

सुटला होता की! दारापर्यंत गेलाही. तिथे त्याचे पाय अडले.

"साहेब, मी विसरलो नव्हतो. चावी याच्या डोक्यावर खुंटीला होती. मी मुद्दाम सांगितलं नाय. शनवारचा त्यात काय दोष नाय."

कमळाकरने कपाळाला हात लावला. हैबतरावांनी टेबलावर हात पसरला. इझिकेलने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो ग्रंथालयात पुस्तकं झाडू लागला.

त्या शुक्रवारी चारला त्याच्याकडे कुणाला द्यायला काही नव्हतं. एसटीच्या खिडकीतून त्याला मैदान दिसलं. मुली मऊ मातीत खेळत होत्या आणि वैशाली दम धरून पलीकडच्या अंगणात शिरली होती. नागोठणं केव्हा गेलं, त्याला कळलंही नाही. शनिवारी सकाळी पेणला प्रार्थनेसाठी नऊजण त्याची वाट बघत होते. इझिकेल आत जाऊन त्यांच्यात उभा राहिला, आणि दहा पुरे झाले.