मार्क टूची जाळी

गफूरभाई गेले, हे मला यवतमाळला दवाखान्याच्या फाटकासमोर कळलं. सकाळीच दारव्ह्याहून एक पेशंट आणला होता. तो बाहेर येईपर्यंत मी गाडीचं दार उघडं टाकून शब्दकोडं सोडवत बसलो होतो. एसटीडी बूथवाला हाका मारतच आला, "दारव्ह्याची अँबेसिडर कोनाची? फोन हाये." पलीकडे अस्लम होता, गफूरभाईंचा मोठा मुलगा. "विलासभाऊ, अब्बा गेले... आज दुपारी असरच्या नमाजानंतर माती हाये," एवढंच तो बोलला. मी परत येऊन गाडीत बसलो. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. दुःख मागाहून आलं. आधी आलं ते हे, की यांची माफी मागायची होती आणि ती राहून गेली.

दारव्ह्याला यवतमाळ रोडवर कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं गॅरेज. गाड्या ते सगळ्याच दुरुस्त करायचे, पण जीव अँबेसिडरवर. आमच्यासारख्यांना सगळ्या अँबेसिडर सारख्याच, एका आईच्या जुळ्या लेकरांसारख्या. गफूरभाई मात्र एकेकीची कुंडली मांडायचे. मार्क टूची समोरची जाळी बारीक चौकडीची. मार्क थ्रीची आडव्या पट्ट्यांची. मार्क फोरचे इंडिकेटर चौकोनी. एवढं सांगून झालं की ते हसत म्हणायचे, "पन हे सारे तोंडावरचे दागिने झाले. दागिने कोनीबी बदलवते." खरी ओळख ते दारावरून करायचे. डोळे मिटून उभे राहायचे, कोणाला तरी दार लावायला सांगायचे आणि आवाजावरून मॉडेल सांगायचे. टॅक्सीवाले त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून चहाच्या पैजा लावत आणि दर वेळी हरत. त्यामुळे दिग्रसपासून पार मारेगाव, झरी जामणीपर्यंत कुणाला जुनी अँबेसिडर घ्यायची असली, की तो आधी ती गफूरभाईंना दाखवायला आणायचा.

आमची मार्क टू माझ्या बाबांनी जुनीच घेतली होती, टॅक्सीसाठी. आमच्या बुद्धवाड्यातली ती पहिली चारचाकी. चौदा एप्रिलला बाबा तिला धुऊनपुसून जाळीच्या कोपऱ्याला निळा झेंडा बांधायचे. झेंड्याची काठी हलू नये म्हणून त्यांनी तिथं तांब्याच्या तारेचे चार वेढे कायमचे घालून ठेवले होते. दारव्ह्यातल्या कितीतरी बाया त्या गाडीतून बाळंतपणाला यवतमाळला गेल्या. गाडीचं काम निघालं की बाबा आणि गफूरभाई दिवसभर तिच्याखाली पडून गप्पा मारत. आईला दोघांचे फक्त पाय दिसायचे, आणि जेवायला बोलवायचं ते ती पायांनाच बोलवायची.

मी मात्र त्या धंद्यात गेलो नाही. मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर झालो. कापसाची बैलबंडी आली की कापूस पाहायचा, बोटांनी धागा ओढून लांबी बघायची आणि प्रत ठरवायची. माणसं चांगला पांढराशुभ्र कापूस वर लावायची आणि ओला, किडका कवडीचा खाली दाबायची. म्हणून मी वरच्या कापसाकडे बघायचोच नाही. सरळ कोपरापर्यंत हात आत खुपसायचो आणि तळातला मूठभर कापूस बाहेर काढून मालकासमोर धरायचो. वर एखादं व्याख्यानही द्यायचो प्रामाणिकपणावर. लोक माझ्यावर खार खाऊन असत, पण मला त्या हाताचा मोठा अभिमान होता. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. खरेदी आधी लांबत गेली, मग आमचं केंद्र उघडलंच नाही. त्याच्या आदल्याच वर्षी बाबा वारले होते. गाडी अंगणात उभी, आणि मी तिच्याशेजारी.

विकायचं ठरवलं. मारेगावकडचा राठोड नावाचा ड्रायव्हर गिऱ्हाईक म्हणून आला. त्याला स्वतःची टॅक्सी काढायची होती, पण त्याला मार्क फोर हवी होती, मार्क टू म्हणजे फार जुनी. मी म्हणालो, आहे की मार्क फोर, आठ दिवसांनी ये. आमचं आरसी बुक एका पावसाळ्यात पेटीत भिजलं होतं, सालाचा आकडा वाचता येत नव्हता, आणि दुसरी प्रत काढायची घाई मी मुद्दाम केली नाही. गाडी घेऊन यवतमाळला गेलो आणि एका भंगारवाल्याकडून तिचं तोंड बदलून घेतलं. मार्क फोरची जाळी, चौकोनी इंडिकेटर. बाबांची जाळी त्यानं ढिगावर फेकली, तिचा आवाज झाला. मी मागं वळून पाहिलं नाही.

राठोड गाडी गफूरभाईंना दाखवणार, हे उघड होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. "भाई, उद्या तुमी फक्त गाडी चांगली हाये म्हना. मॉडेलचं काही काढू नका." ते कार्बोरेटरचा जेट फुंकत होते. फुंकून झाल्यावर त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "चहा घेतं काय?" मी चहा घेतला आणि त्यालाच होकार समजलो.

दुसऱ्या दिवशी राठोड आला. गफूरभाईंनी जाळीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि राठोडला म्हणाले, "दार लाव." त्यानं लावलं. "राठोड, गाडी वजनदार हाये," ते म्हणाले, "इंजिन म्या सोता बांधलं. घ्याची तर बिनधास्त घे. पन हे मार्क टू हाये. मार्क फोर समजून घेत असशीन तर नोको घेऊ." राठोडनं माझ्याकडे पाहिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि जीप पकडायला स्टँडकडे गेला.

मी भडकलो. "भाई, तुमचं काय गेलं असतं?"

"माह्यं काय जाते?" ते शांतपणे म्हणाले. "तू सांग. केंद्रावर बंडी आली का हात कुठलोक घालत होता?"

मी गाडीचं दार उघडलं.

"कोपरालोक घालत होता," त्यांनीच उत्तर दिलं. "वरचाच कापूस पाहून तू कदी ग्रेड देल्ला काय?"

मी गाडीत बसलो आणि निघालो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... हे तेव्हाच कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. आमच्या घराण्यात अबोला धरायची कला पिढीजात आहे. मी ती दोन वर्षं चालवली. गाडी काही विकली गेली नाही, कारण खरं मॉडेल सांगायची लाज वाटायची आणि खोटं सांगायची आता सोय उरली नव्हती. शेवटी मीच ती चालवायला लागलो. बाबांचा धंदा, बाबांचा रस्ता, बाबांचेच पेशंट. घर त्यावर व्यवस्थित चाललं. पण पॅसेंजरनं कोणतं मॉडेल म्हणून विचारलं, की मी "बसा बसा, उशीर होते" म्हणून विषय टाळायचो. काम निघालं तर दिग्रसला जायचो, पण गफूरभाईंच्या दारात गाडी लावायचो नाही.

लावली ती गाडीनंच. मे महिन्याची दुपार, मागच्या सीटवर कळा देणारी बाई आणि तिची सासू. गॅरेज ओलांडून वीस पावलं गेलो नाही तोच गाडी बंद. मी बॉनेट उघडून घामाघूम झालो होतो. गफूरभाई न बोलावता आले, हातात ओलं फडकं. फडकं त्यांनी पेट्रोल पंपाभोवती गुंडाळलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मार स्टार्टर." गाडी सुरू झाली. "मार्क टू हाये," खिडकीशी वाकून ते म्हणाले, "उन्हात हिले पानी लागते. जाय, बाईले वेळ नको करू." बाईला मुलगी झाली, सुखरूप. परतताना मी गॅरेजसमोर थांबलो आणि चहा मागवला. अबोला सुटला. त्या गोष्टीचं मात्र कुणी नाव काढलं नाही. त्यांनी काढलं नाही ते मोठेपणानं, मी काढलं नाही ते कोडगेपणानं. गाडीचं खोटं तोंडही तसंच राहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत.

शेवटची भेट झाली तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाजेवर बसलेले असायचे. मी गाडी लावून दार आपटलं तसे म्हणाले, "विलास, दार लटकलं. बिजागरी पाह्य." मी शेजारी बसलो. त्या दिवशी बोलायचंच असं ठरवून गेलो होतो.

"भाई, ते राठोडच्या टायमाले..."

"हां?" ते माझ्याकडे वळले. वाट पाहत राहिले.

"...त्यानं मंग कोनती गाडी घेतली?"

"घेतली एक मार्क फोर. म्याच पाहून देल्ली," ते म्हणाले. मग उठले, चाचपडत गाडीपाशी गेले आणि जाळीवरून एकदा हात फिरवला. परत येऊन बाजेवर बसले. मी उठून निघालो. आता वाटतं, दोन शब्दांचं तर काम होतं. इतका कसा मी दगड...

मातीनंतर चाळिसाव्या दिवशी गॅरेज झाडूनपुसून तिथंच जेवण ठेवलं होतं. माणसं पांगल्यावर अस्लमनं आतून पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्या मांडीवर ठेवली. पोतं सोडलं. बारीक चौकडीची जाळी, ग्रीस लावलेली, कुठं गंजाचा ठिपका नाही. कोपऱ्यात तांब्याच्या तारेचे चार वेढे.

"यवतमाळच्या भंगारात भेटली होती अब्बाले," अस्लम म्हणाला, "तुमी गाडीचं तोंड बदलवलं त्याच हप्त्यात. तार पाहून वळखली. दर पावसाळ्याआधी ग्रीस लावत. मले म्हनत, विलास मागीन तवाच द्याची, मागतल्याबिगर द्याची नाई. तुमी तं मागतलीच नाई."

"मले ठाऊकच नव्हतं रे, जाळी इथं हाये म्हनून."

"म्याबी तेच म्हनलं. तं अब्बा म्हने, त्याले जुनं तोंड पायजेन असंन तं तो पह्यले माह्याच दुकानात इचारीन."

खरं होतं. मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नसतं. माणसांदेखत रडायची मला सवय नाही. त्या दिवशी रडलो.

जाळी अस्लमनंच बसवली, गोल इंडिकेटरसकट. परवा झरीकडचे एक म्हातारे पाहुणे यवतमाळला न्यायचे होते. गाडीत बसण्याआधी ते समोर जाऊन उभे राहिले, जाळीकडे, तारेकडे निरखून बघत. "कोनतं मॉडेल हाये, भाऊ?"

"मार्क टू," मी म्हणालो. आणि दार लावून घेतलं.