पिक्चरात अडकलेली हाक

आमच्या शूटिंगच्या युनिटात सगळ्यांत हळू बोलणारं माणूस म्हणजे आत्या. चहा हवा का विचारलं, तर हो म्हणाली की नाही म्हणाली, ते कळायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा. आणि तुम्ही लहानपणी सुट्टीत टीव्हीवर तो आकाशातल्या यंत्राचा पिक्चर पाहिला असेल, तर ज्या हाकेनं घाबरून तुम्ही आईला चिकटलात, ती हाक याच बाईची. मी हे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, काका, तो आवाज मशीनवर बनवलेला आहे. हसा बापड्यांनो. ते मशीन माझ्याच खांद्याला लटकलेलं होतं.

मी मूळचा जालन्याकडच्या वाटूरचा. मुंबईला जाऊन ध्वनिमुद्रणाचं काम शिकलो. ऐंशीच्या दशकात आमच्या डायरेक्टरला झाडझुडूप नसलेली, परग्रहावर शोभेल अशी जमीन हवी होती. अशी जमीन म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार? आष्टीच्या पलीकडचा मुरमाड माळ दाखवला आणि साहेब खूश झाले. गोष्ट साधी होती. आभाळातून एक भलंमोठं यंत्र उतरतं, त्याचं पिल्लू रानात हरवतं, आणि एका शेतकऱ्याच्या घरातली माणसं ते पिल्लू लपवून सांभाळतात. मोठं यंत्र म्हणजे गुऱ्हाळाच्या पालथ्या कढया आणि ठोकलेले पत्रे. पिल्लू म्हणजे पिठाचा डबा, त्याला डोळ्यांच्या जागी टॉर्चचे बल्ब. नायलॉनच्या दोऱ्यानं ओढायचं. ढेकळात अडकलं की साहेब कपाळाला हात लावून खाली बसायचे.

माळाच्या कडेला धनगरांची पालं होती. त्यातली आत्या आमच्याकडं पाणी भरायला आणि भाकरी करायला यायची. काम आटोपलं की रोज त्या पिठाच्या डब्यावर पोतं पांघरायची. एकदा मी चिडवलं, "आत्या, पत्र्याला थंडी वाजते का?"

"पत्र्याचं असू दे," ती पुटपुटली. "लेकरूच दावून राह्यले ना तुमी त्याला? मंग?"

 मी भाकरी मोडून खायला लागलो.

माझी खरी अडचण होती आवाजाची. मोठं यंत्र पिल्लाला हाक मारतं असा प्रसंग होता. ती हाक कशी असावी? घागरीत तोंड घालून ओरडलो. पेटीचा भाता नुसताच हलवून पाहिला. टेप उलटी फिरवली. साहेब सगळं ऐकायचे आणि मान हलवायचे. "यात आई नाही," म्हणायचे. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. मग एका दिवेलागणीला माळाच्या टोकाकडून एक आवाज आला. खोल घशातून निघालेला, वर चढत चढत मध्येच तुटलेला.  बाईचा होता की जनावराचा, तेही कळेना. जाऊन बघतो तर बांधावर आत्या उभी.

तिच्या लोकांत रानात नावानं बोलवत नसत. नाव वाऱ्यात विरतं. घरातली थोरली बाई प्रत्येक माणसाची एक हाक ठरवते आणि ती हाक त्या एकाचीच असते. आत्यानं मारली ती बिरूची, तिच्या धाकट्या लेकाची. मेंढ्यांमागं फिरणार नाही म्हणून बापाशी भांडून तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती. कधी सांगावा नाही, काही नाही. आत्या रोज दिवे लागले की त्याला हाक मारायची.

साहेबांना हीच हाक हवी होती. आत्यानं साफ नकार दिला. "रिकामी हाक मारत न्हाईत आमच्यात," ती मला म्हणाली. "ज्यानं यावं त्यालाच मारायची. टेपात भरून ठिवायची चीज हाय का ती?"

दोन दिवसांनी भाकरी वाढता वाढता तिनंच विचारलं, "हे पिच्चर सुरतेला जातंय का?"

"जाईल की," मी म्हणालो. "तिथं आपली माणसं बक्कळ आहेत."

"मंग घे भरून."

संध्याकाळी मावळतीकडं तोंड करून ती उभी राहिली. एकदाच हाक मारली. माझ्या मशीनचा काटा लाल रेघ ओलांडून गेला. मी टेप थांबवणार तेवढ्यात तिच्याकडं पाहिलं. ती हलली नव्हती. ओ येते का ते ऐकत होती. मला बटण दाबवेना. त्या हाकेनंतर पडद्यावर जी लांबलचक शांतता आहे, तिचं पुढं फार कौतुक झालं. डायरेक्टरची केवढी कल्पना, म्हणाले. कसली कल्पना न् कसलं काय. ती आत्या लेकाची वाट बघत उभी होती.

पिक्चर आष्टीला जत्रेतल्या तंबूत लागला तेव्हा मी तिला मुद्दाम घेऊन गेलो. हाक आली. लेकरं आयांच्या मांडीत शिरली. सगळा तंबू पडद्याकडं बघत होता आणि आत्या तंबूच्या दाराकडं. पिक्चर संपेपर्यंत तिनं मान वळवली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आज न्हाई आला." पुढं मी गावाकडं गेलो की तिचा एकच प्रश्न, "कुठवर गेलं पिच्चर?" मी सांगायचो, नाशिकला गेलं, नंदुरबारला गेलं. "मंग जवळ आलं," ती म्हणायची. 

मग सुरतेहून शेजारच्या गावचा एक माणूस परत आला. बिरू तापानं गेला होता. आणि गेला होता तो पिक्चरच्या कितीतरी आधी. आम्ही माळावर हाक भरली तेव्हा ओ द्यायला या जगात कुणी नव्हतंच.

मी भेटायला गेलो. आत्या रडत नव्हती. तिला वेगळीच काळजी लागली होती. "ती हाक काढून घेता यील का?" तिनं विचारलं. मी समजावलं की पिक्चरची रिळं गावोगाव गेलीत, पुढं टीव्हीवरही लागेल, आता ते आपल्या हातात नाही. 

"गेलेल्याला बोलवत न्हाईत रे," ती म्हणाली. "त्याला वाटंल, आई हाक मारून राह्यली. उठंल ना तो. अन् यील कुठं?"

 मी साहेबांनाही विचारलं, पण पिक्चर त्यांचाही उरला नव्हता. कुठल्या कुठं विकला गेला होता.

नंतर तो दर सुट्टीत टीव्हीवर लागू लागला. लागणार असं कळलं की आत्या आष्टीतल्या ओळखीच्या घरी जायची आणि उंबऱ्याशी बसायची. एका दुपारी मी तिच्या शेजारी होतो. हाक झाली. ती शांतताही झाली. मग आत्या टीव्हीकडं बघून तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "न्हाई रे बिरू. पिच्चरचं हाय ते. तू निजून ऱ्हा बाबा." चुकून हाक गेली तर त्यांच्यात अशी मोडायची असते, म्हणे. त्या घरातल्या पोरांना हे इतकं सवयीचं झालं होतं की आत्याचं बोलून होईपर्यंत कुणी चुळबूळसुद्धा केली नाही.

आत्या म्हातारी होऊन गेली. मला आठवडा उलटल्यावर कळलं. मी तेव्हा जालन्यात राहायला आलो होतो.

त्यानंतरच्या सुट्टीत पिक्चर पुन्हा लागला. घरात नातवंडं, बायको, सगळे बसलेले. हाक आली आणि गेली. मग ती शांतता सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की आता ही हाक मोडायला कुणी नाही. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही.  पण झोपेतून उठून बसलेला बिरू मी जवळजवळ पाहिलाच म्हणा ना.

"न्हाई रे बिरू," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "पिच्चरचं हाय ते. आन् आई आता तिकडंच आलीय. तिला तिथंच बघ."